४२ नंबरची जर्सी

दरवर्षी १५ एप्रिलला अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एक विचित्र प्रकार बघायला मिळतो. मैदानावर उतरलेल्या दोन्ही संघांतल्या प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर एकच नंबर असतो - ४२. कोच ४२, अंपायर पण ४२. नवख्या माणसाला कोण कोण आहे ते कळायला काही मार्गच नाही. आणि गंमत म्हणजे उरलेलं वर्षभर हा नंबर कोणालाच मिळत नाही. १९९७ साली तो सगळ्या संघांसाठी कायमचा बंद करण्यात आला. ज्यांच्याकडे तो आधीपासून होता त्यांना ठेवू दिला; त्यातला शेवटचा, यांकी संघाचा मारियानो रिव्हेरा, २०१३ मध्ये निवृत्त झाला आणि विषय संपला.

हा नंबर होता जॅकी रॉबिन्सनचा. त्याची गोष्ट सांगायची म्हणजे आधी थोडा बेसबॉल सांगायला लागणार. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये चुकून बेसबॉल लागला तर रिमोटवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, हे माहीत असूनही ही रिस्क घेतोय! थोडी कळ काढा.

मैदान पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचं. चार कोपरे म्हणजे चार 'बेस'. बॅटर उभा राहतो तो कोपरा 'होम', बाकीचे फर्स्ट, सेकंड, थर्ड. पिचर चेंडू टप्पा न पाडता थेट फेकतो. बॅटरने मारला की बॅट टाकून पळत सुटायचं, तिन्ही बेस करून होमला परत आलं की एक रन. दहा वेळा खेळायला येऊन तीनदा नीट हिट मारली तरी तो मोठा बॅटर, म्हणजे सरासरी ०.३००. (दहात सात वेळा नापास होऊन मोठेपण देणारा हा एकच खेळ असावा.) आणि एक गोष्ट लक्षात ठेवायची, ती म्हणजे 'स्टील', चोरी. पिचर चेंडू टाकत असतानाच बेसवरचा खेळाडू पुढच्या बेसकडे धूम ठोकतो. आपल्याकडे नॉन-स्ट्रायकर चोरटी रन घ्यायला निघतो ना, साधारण तसलं धाडस. त्यातही सगळ्यात भारी म्हणजे थर्डवरून होमची चोरी. कारण चेंडू जिकडे चाललाय तिकडेच आपणही पळायचं आणि चेंडूच्या आधी पोचायचं! जॅकीने मेजर लीगमध्ये हे १९ वेळा केलं.

आता माणसाकडे येऊ.

जन्म ३१ जानेवारी १९१९, जॉर्जिया राज्यातल्या कैरो गावी. पाच भावंडांत शेंडेफळ. वडील दुसऱ्याच्या शेतावर वाट्याने राबणारे. जॅकी दीड वर्षाचाही नसताना ते घर सोडून गेले ते गेलेच. आई मॅली हिने पाचही पोरांना आगगाडीत घातलं आणि पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला आली. तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करून तिने पोरं वाढवली. पेपर स्ट्रीटवर घर घेतलं ते गोऱ्यांच्या वस्तीत. शेजाऱ्यांनी त्यांना हुसकावायचा बराच प्रयत्न केला, बाई हलली नाही. जॅकीचा पुढचा स्वभाव कुठून आला हे शोधायला फार लांब जायला नको.

थोरला भाऊ मॅक हा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटरला दुसरा आला. पहिला कोण? जेसी ओवेन्स. दोघांत अंतर ०.४ सेकंदाचं. हिटलरच्या समोर रौप्यपदक जिंकून हा गडी गावी परतला आणि त्याला काम काय मिळालं, तर पॅसाडेनाचे रस्ते झाडायचं. ऑलिंपिकचं जाकीट घालून तो रस्ते झाडायचा. धाकटा भाऊ हे रोज बघत होता.

जॅकी यूसीएलएमध्ये गेला आणि तिथे फुटबॉल, बास्केटबॉल, अ‍ॅथलेटिक्स, बेसबॉल अशा चार खेळांत विद्यापीठाचा मान मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. १९४० साली लांब उडीत राष्ट्रीय आंतरविद्यापीठ विजेता. या चारांत त्याचा सगळ्यात कच्चा विषय कोणता होता सांगा? बेसबॉल! त्या सीझनला त्याची बॅटिंग सरासरी होती ०.०९७. म्हणजे आपल्या भाषेत सरळ केटी. ज्या विषयात केटी लागली त्याच विषयात माणूस इतिहास घडवतो, तेव्हा रिझल्ट लागल्यावर तोंड लपवणाऱ्यांनी हे वाक्य कापून कपाटावर चिकटवायला हरकत नाही. डिग्री मात्र त्याने घेतली नाही. काळ्या माणसाला डिग्री मिळून तरी काय नोकरी लागणार, असं त्याला वाटायचं. शिवाय आईच्या डोक्यावरचा भार दिसत होता. १९४१ साली थोड्याच महिन्यांचं शिक्षण उरलेलं असताना त्याने कॉलेज सोडलं. पण तिथेच त्याला रेचल आयसम भेटली. नर्सिंग शिकणारी, शांत, पक्क्या डोक्याची. पुढे जे काही घडलं त्यात ती नसती तर तो टिकलाच नसता, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मग महायुद्ध. १९४२ ला सैन्यात भरती, जानेवारी १९४३ ला सेकंड लेफ्टनंट. आणि इथे तो प्रसंग येतो, जो मला त्याच्या सगळ्या हिट्सपेक्षा मोठा वाटतो. ६ जुलै १९४४, टेक्सासमधला कॅम्प हूड. जॅकी लष्कराच्या बसमध्ये बसला होता. ड्रायव्हरने त्याला मागच्या सीटवर जायला सांगितलं, कारण काळ्यांनी मागे बसायचं असा त्या भागातला रिवाज. जॅकीला माहीत होतं की सैन्याच्या बसमध्ये असा भेदभाव करायला आता बंदी आहे. तो जागचा हलला नाही. प्रकरण लष्करी पोलिसांकडे गेलं, तिथे शब्दाला शब्द वाढला आणि उलट जॅकीवरच वरिष्ठांचा अवमान केल्याबद्दल कोर्ट मार्शल बसलं. ऑगस्टमध्ये नऊ अधिकाऱ्यांपुढे खटला चालला. तो निर्दोष सुटला. लक्षात घ्या, हे रोझा पार्क्सच्या अकरा वर्षं आधीचं. त्याच्या मूळच्या रणगाडा तुकडीतले सोबती तोवर युरोपातल्या लढाईकडे निघाले होते. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्याला सन्मानाने सैन्यातून मुक्त करण्यात आलं.

म्हणजे हा माणूस मूळचा गरीब गाय अजिबात नव्हता. तापट होता, ऐकून घेणारा नव्हता. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

१९४५ साली तो कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघात खेळत होता, महिना ४०० डॉलरवर. हा संघ होता 'निग्रो लीग'मधला. मेजर लीगमध्ये १८८४ नंतर एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळला नव्हता. तसा लेखी नियम कुठेच नव्हता हं! सगळं आपसांत ठरलेलं. त्यामुळे काळ्यांनी स्वतःचे संघ, स्वतःच्या लीग काढल्या. तिथे सॅचेल पेज, जॉश गिब्सन यांच्यासारखे एकाहून एक खेळाडू होते. पण बसने रात्र रात्र प्रवास, हॉटेलात जागा नाही, पेट्रोल भरायला थांबलं तर संडास वापरू देत नाहीत, अशी एकूण अवस्था.

इकडे ब्रुकलिन डॉजर्स या संघाचा अध्यक्ष होता ब्रँच रिकी. साठी ओलांडलेला, भुवया जाडजूड, तोंडात सिगार, इतका धार्मिक की रविवारी मॅचला जायचा नाही आणि व्यवहारात इतका पक्का की खेळाडू पगाराच्या बोलणीला घाबरायचे. त्याच्या डोक्यात बरेच दिवस घोळत होतं की ही रंगाची भिंत पाडायची. पुण्य म्हणून? धंदा म्हणून? दोन्ही. उत्तम खेळाडू स्वस्तात मिळणार होते आणि तिकिटंही खपणार होती. २८ ऑगस्ट १९४५ ला त्याने जॅकीला ब्रुकलिनच्या ऑफिसात बोलावलं. काळ्यांचा एक नवा संघ निघतोय अशी बतावणी बाहेर केली होती, त्यामुळे जॅकीला खरं कारण आत गेल्यावरच कळलं.

ती मुलाखत जवळपास तीन तास चालली. आपल्याकडच्या कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये एचआरवाले मुद्दाम टेन्शन देतात ना, तसं समजा, फक्त हजार पटीने वाईट. रिकीने कोट काढला आणि नाटक सुरू केलं. कधी तो हॉटेलचा मॅनेजर झाला, कधी मुद्दाम स्पाईक्स मारणारा खेळाडू, कधी आईवरून शिव्या देणारा प्रेक्षक. थेट जॅकीच्या तोंडासमोर जाऊन. त्याला बघायचं होतं की हा भडकतो का. शेवटी त्याने अट घातली की तीन वर्षं कोणी काहीही केलं तरी उलट उत्तर द्यायचं नाही, हात उचलायचा नाही. एकदा जरी मारामारी झाली असती तरी काळे खेळाडू भांडखोर असतात म्हणून दार पुन्हा वीस वर्षं बंद झालं असतं. कोर्ट मार्शलला सामोरा गेलेला माणूस हो म्हणाला.

(रिकीसाहेबांचं एक कौतुक कमी करायला हवं. मोनार्क्स संघाला त्यांनी जॅकीच्या बदल्यात एक पैसा दिला नाही. पुढे एकेक करून सगळे चांगले खेळाडू मेजर लीगमध्ये गेले आणि निग्रो लीगची पार रया गेली. १९४८ नंतर निग्रो नॅशनल लीग बंदच पडली. भिंत पाडताना कोणाचं घर पाडलं जातं ते पण बघावं माणसाने.)

१० फेब्रुवारी १९४६ ला लग्न झालं आणि लगेच फ्लोरिडाला सरावासाठी निघालेल्या या नव्या जोडप्याला वाटेत दोनदा विमानातून उतरवलं गेलं. शेवटचा प्रवास बसच्या मागच्या सीटवर. कॅम्प हूडमध्ये न हललेला माणूस या वेळी उठून मागे गेला. त्या रात्री त्याला काय वाटलं असेल!

पहिलं वर्ष कॅनडात, डॉजर्सच्या दुय्यम संघात, माँट्रियल रॉयल्समध्ये. १८ एप्रिलच्या पहिल्याच मॅचला पाच वेळा बॅटिंग, चार हिट, त्यात एक होमरन, दोन चोऱ्या. सीझनची सरासरी ०.३४९, लीगमध्ये सगळ्यात जास्त. माँट्रियलच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी गरोदर रेचलला माया लावली. शेवटची फायनल जिंकल्यावर गर्दी जॅकीच्या मागे धावत सुटली, खांद्यावर घ्यायला. काळ्या माणसामागे गोरी गर्दी धावतेय आणि तीही प्रेमाने, हे अमेरिकेतून आलेल्या पत्रकारांना नवीनच होतं.

आता १९४७.

डॉजर्सचा हा सीझन म्हणजे सिनेमाच. मोसम सुरू व्हायच्या आधी संघ सरावाला क्यूबात, हवानाला गेला. फ्लोरिडातली कटकट नको म्हणून. तिथून पनामाला गेल्यावर कळलं की संघातलेच काही खेळाडू जॅकी नको म्हणून अर्ज तयार करतायत. त्यात पुढे होता डिक्सी वॉकर, अलाबामाचा, ब्रुकलिनच्या प्रेक्षकांचा लाडका. मॅनेजर लिओ ड्युरोशर याने मध्यरात्री सगळ्यांना झोपेतून उठवून, स्वतः पायजम्यावरच, अशी काही हजेरी घेतली की अर्ज तिथेच मेला. केंटकीच्या पी वी रीसने त्यावर सही करायला आधीच नकार दिला होता. आणि गंमत बघा, हाच ड्युरोशर वेगळ्याच भानगडींमुळे ९ एप्रिलला वर्षभरासाठी निलंबित झाला! दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, जॅकीला मुख्य संघात घेतल्याची घोषणा झाली. म्हणजे इतिहास घडणार आणि संघाला मॅनेजरच नाही. पहिल्या दोन मॅचेस क्लाइड सुकफर्थने सांभाळल्या, मग बर्ट शॉटन आला. हा म्हातारा युनिफॉर्म न घालता साध्या कपड्यांत डगआउटमध्ये बसायचा.

१५ एप्रिल १९४७, एबेट्स फील्ड, ब्रुकलिन. समोर बोस्टन ब्रेव्ह्ज. प्रेक्षक २६,६२३, त्यातले निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय असावेत असा अंदाज. जॅकी वय वर्षं २८, फर्स्ट बेसवर, जी जागा तो पूर्वी फारशी खेळलेलाच नव्हता. खेळ कसा झाला? काही विशेष नाही. एकही हिट नाही. पण सातव्या इनिंगला प्रतिस्पर्ध्याच्या चुकीने बेसवर पोचला आणि आघाडीची रन त्यानेच काढली. डॉजर्स ५-३ ने जिंकले.

एक आठवड्याने फिलाडेल्फिया फिलीज आले. त्यांचा मॅनेजर बेन चॅपमन. त्याने आणि त्याच्या पोरांनी डगआउटमधून जे सुरू केलं ते इथे छापण्यासारखं नाही. जंगल, कापसाची शेतं, रोग, बायका, काही सोडलं नाही. तीन दिवस. जॅकीने नंतर लिहून ठेवलंय की त्या दिवशी तो सगळं सोडून द्यायच्या अगदी काठावर आला होता. त्या डगआउटमध्ये जाऊन एकाचा जबडा फोडावा आणि बेसबॉलला रामराम ठोकावा. तो गेला नाही. पण मजा अशी की त्याच संघातला एडी स्टँकी, जो सुरुवातीला जॅकीच्या बाजूचा नव्हता, तो उठून फिलीजवर ओरडला की जो उलट बोलू शकत नाही त्याला काय छळता. चॅपमनने बाकी काही नाही तरी डॉजर्सचा संघ एक करून दिला! वर्तमानपत्रांत बोंब झाल्यावर मे महिन्यात चॅपमनबरोबर फोटो काढायची वेळ आली. फोटोत दोघांनी हात मिळवलेले नाहीत. दोघांनी एकच बॅट धरली आहे.

त्या फिलाडेल्फियात ठरलेल्या हॉटेलने संघाला दारातूनच परत पाठवलं. त्याच मे महिन्यात सेंट लुईस कार्डिनल्सचे काही खेळाडू संपाच्या विचारात आहेत ही बातमी न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनने फोडली. नॅशनल लीगचा अध्यक्ष फोर्ड फ्रिक याने स्पष्ट सांगितलं की संप करणारा निलंबित होईल, मग अर्धी लीग गेली तरी चालेल. संप झाला नाही. टपालातून खुनाच्या धमक्या येत होत्या, त्यात बायकोमुलाच्या पण. सहा महिन्यांचं पोर घरात. पिचर लोक चेंडू अंगावर टाकत होते. त्या सीझनला ९ वेळा तो त्याला लागला. ऑगस्टमध्ये कार्डिनल्सच्या इनॉस स्लॉटरने फर्स्ट बेसवर त्याच्या पायावर स्पाईक्स रोवले. आणि त्यात सुरुवातीला बॅटही चालत नव्हती, ओळीने २० वेळा हिट नाही. शॉटनने त्याला बसवलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. त्याने बसवलं नाही.

इथे पी वी रीसने त्याच्या खांद्यावर हात टाकल्याची प्रसिद्ध गोष्ट सांगायची पद्धत आहे. सिनसिनाटीचं मैदान, शिव्या देणारे प्रेक्षक आणि रीस चालत येऊन शांतपणे त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. ब्रुकलिनमध्ये याचा पुतळाही आहे, २००५ पासून. पण १९४७ च्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी सापडत नाही. काही जण म्हणतात ते १९४८ मध्ये झालं, काही म्हणतात झालंच नाही. दोघांची मैत्री मात्र आयुष्यभराची, त्यात शंका नाही. पुतळे करणाऱ्यांना एक मिठी पुरते, पण त्या वर्षी जॅकी बहुतेक वेळ एकटाच होता हे त्यामुळे झाकलं जातं. पिट्सबर्गच्या हँक ग्रीनबर्गने फर्स्ट बेसवर त्याला धीराचे दोन शब्द सांगितले, ही गोष्ट मला जास्त जवळची वाटते. ग्रीनबर्ग ज्यू होता. त्याने स्वतः हेच सगळं आधी ऐकलेलं होतं.

जूनपासून जॅकी सुटला. ओळीने २१ मॅचमध्ये हिट. बेसवर उभा राहिला की पिचरच्या पोटात गोळा यायचा. हा पुढे सरकतोय, मागे येतोय, निघाल्यासारखं करतोय, थांबतोय. तोंडाने उत्तर द्यायला बंदी होती, पायांना नव्हती. सीझन संपताना १५१ मॅच, १७५ हिट, १२५ रन्स, १२ होमरन, सरासरी ०.२९७ आणि २९ चोऱ्या, लीगमध्ये सगळ्यात जास्त. त्या वर्षी 'रूकी ऑफ द इयर' हा पुरस्कार पहिल्यांदा सुरू झाला तो त्यालाच मिळाला. पगार? वर्षाला ५००० डॉलर, म्हणजे लीगमधला कमीत कमी. आणि त्याला बघायला गावोगावी स्टेडियमं भरत होती. डॉजर्सच्या घरच्या मैदानावरच १८ लाखांवर प्रेक्षक आले. बाकीच्यांचे डोळेही उघडले. जुलैत लॅरी डोबी क्लीव्हलंडकडून उतरला, ऑगस्टमध्ये डॉजर्सनेच डॅन बँकहेड हा पिचर आणला.

संघही जोरात होता. राल्फ ब्रांका, वय २१, त्याने २१ मॅच जिंकून दिल्या. ज्या डिक्सी वॉकरने अर्ज केला त्याने ०.३०६ ने बॅटिंग केली (आणि सीझन संपल्यावर त्याला पिट्सबर्गला धाडण्यात आलं). ९४ विजय, ६० पराभव. संपाच्या गप्पा करणाऱ्या कार्डिनल्सपेक्षा पाच मॅच पुढे राहून डॉजर्सने नॅशनल लीग जिंकली. २३ सप्टेंबरला ब्रुकलिनकरांनी 'जॅकी रॉबिन्सन डे' करून त्याला कॅडिलॅक गाडी भेट दिली. आई मॅली त्यासाठी कॅलिफोर्नियाहून आली होती.

वर्ल्ड सिरीज यांकींशी. टीव्हीवर दाखवली गेलेली ही पहिली. चौथ्या मॅचचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. यांकींचा पिचर बिल बेव्हन्स याने नवव्या इनिंगपर्यंत डॉजर्सना एकही हिट मारू दिली नव्हती. वर्ल्ड सिरीजमध्ये असं कधीच झालं नव्हतं. फक्त एक आउट बाकी. बेसवर दोघं, आणि बदली बॅटर म्हणून आला कुकी लाव्हाजेटो. त्याने चेंडू उजवीकडच्या भिंतीवर आपटला, दोन्ही खेळाडू घरी, डॉजर्स ३-२ ने विजयी! बेव्हन्सचा विक्रमही गेला आणि मॅचही. सहाव्या मॅचला अल जिओनफ्रिडो या कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या पोराने जो डिमॅजिओचा होमरनच्या वाटेवरचा फटका पार कुंपणाजवळ जाऊन पकडला. आता नशीब बघा. बेव्हन्स, लाव्हाजेटो, जिओनफ्रिडो, हे तिघंही त्या सिरीजनंतर मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच खेळले नाहीत. सातवी मॅच यांकींनी ५-२ ने मारली. ब्रुकलिन हरलं. ते दरवर्षी हरायचंच. पुढच्या वर्षी बघू, हा तिथला ठरलेला उद्गार होता. ते 'पुढचं वर्ष' १९५५ ला आलं. त्या सिरीजच्या पहिल्या मॅचला ३६ वर्षांच्या जॅकीने होमची चोरी केली. कॅचर योगी बेरा तो आउट होता म्हणून मरेपर्यंत भांडत राहिला.

१९४९ पासून तोंडाचं कुलूप निघालं. त्याच वर्षी सरासरी ०.३४२, ३७ चोऱ्या आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू. पण आता तो अंपायरशी वाद घालायचा, टोमण्याला टोमणा मारायचा, हॉटेलात काळ्यांना वेगळं ठेवलं तर जाब विचारायचा. आणि जे पत्रकार त्याच्या सहनशीलतेचे गोडवे गात होते त्यांनाच तो एकदम उद्धट, कृतघ्न वाटायला लागला. म्हणजे गोरा खेळाडू अंपायरवर ओरडला तर तो जिगरबाज आणि हा ओरडला तर डोक्यात हवा गेलेली! मला वाटतं लोकांना तो गप्प बसलेलाच आवडला होता. आजही शाळेच्या पुस्तकांत, सिनेमात ती दोन-तीन वर्षंच दाखवतात. उरलेली पन्नास गाळतात.

१९५६ च्या डिसेंबरात डॉजर्सने त्याला कट्टर वैरी न्यूयॉर्क जायंट्सना विकलं. त्याने खेळणंच सोडलं आणि एका कॉफी कंपनीत उपाध्यक्षाची नोकरी धरली. १९६२ मध्ये हॉल ऑफ फेम. मग सभा, निधी, मोर्चे. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरला खरमरीत पत्रं. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात मुलांना घेऊन हजर. तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्यांच्या जामिनासाठी घराच्या अंगणात जॅझचे कार्यक्रम. १९६४ मध्ये हार्लेममध्ये काळ्यांची बँक काढण्यात पुढाकार. चुकाही केल्या, १९४९ साली गायक पॉल रॉबसनच्या विरोधात संसदीय समितीपुढे साक्ष दिली, १९६० साली निक्सनचा प्रचार केला, आणि या दोन्हींबद्दल पुढे पस्तावला.

घरी मात्र दुःखच आलं. थोरला मुलगा, जॅकी ज्युनियर, ते १९४७ चं तान्हं पोर, व्हिएतनामहून जखमी होऊन आला तो नशेच्या आहारी गेलेला. त्यातून तो सावरला, दुसऱ्यांना सावरायला लागला आणि जून १९७१ मध्ये मोटार अपघातात गेला. वय २४. जॅकीला मधुमेहाने पोखरलं होतं, हृदयाचा त्रास होता, दृष्टी जवळजवळ गेली होती.

१५ ऑक्टोबर १९७२ ला सिनसिनाटीत वर्ल्ड सिरीजच्या मॅचआधी त्याचा सत्कार झाला. पंचवीस वर्षं झाली म्हणून. पांढरे केस, वाकलेला, वय फक्त ५३. आभार मानले, आणि मग माईकवर सगळ्या देशासमोर म्हणाला की एक दिवस मॅनेजरच्या जागी काळा माणूस उभा दिसला तर त्याला आणखी आनंद होईल. सत्काराच्या दिवशीसुद्धा! नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, तो गेला. पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, १९७४ मध्ये क्लीव्हलंडला नेमला गेला.

त्याला ब्रुकलिनच्या सायप्रस हिल्स दफनभूमीत पुरलं, ज्युनियरच्या शेजारी. तिथून जाणाऱ्या हायवेला १९९७ मध्ये त्याचं नाव दिलं. एबेट्स फील्ड मात्र त्याच्या हयातीतच गेलं. १९६० साली ते पाडायला जो लोखंडी गोळा आणला, तो बेसबॉलच्या चेंडूसारखा रंगवलेला होता. आज तिथे राहत्या इमारती आहेत.